महादेवीची उसनी वाचा

बोललेल्या शब्दाला निदान चार कान साक्षी असतात. तळहातावर बोटाने काढलेल्या अक्षराला साक्षी कोणीच नसतो. ते उमटते आणि त्याच क्षणी विरते. लिहिणारा आणि ज्याच्या हातावर लिहिले तो, एवढ्या दोघांपुरतेच त्याचे अस्तित्व. नेकनूरच्या महादेवीचे सारे आयुष्य अशा अक्षरांवर उभे होते.

ती जन्मतः बहिरी, आणि म्हणून मुकी. आई शिवकन्याबाई लिंगायत घरातल्या, आचाराला कडक. पहाटे स्नान करून त्या डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसत, आणि पूजा आटोपली की लेकीला मांडीशी ओढून तिच्या उजव्या तळहातावर तर्जनीने अक्षरे काढीत. डावा हात देवाचा आणि उजवा बोलण्याचा, अशी त्या माउलीने वाटणीच करून दिली होती. पुढे महादेवी बीडच्या निवासी शाळेत लिहावाचायला शिकली, शिवणकाम शिकली. पण घरातली बोलण्याची रीत तीच राहिली. थोरल्या भावाने, रविने, ती आईकडून उचलली. अंथरुणाला खिळल्यावर आईने त्याला बजावले होते, "तिच्या हातावर खोटं अक्षर काढू नगस. शेजारच्या हातावर देव बसतो."

रवि ते वचन पाळीत आला आहे, असे महादेवी धरून चालली होती. श्रद्धेचा हा स्वभावच आहे; ती पुरावा मागत नाही, म्हणून तर तिला श्रद्धा म्हणायचे.

घराच्या पुढच्या खणात रविचे किराणा दुकान, मागच्या खणात महादेवीचे यंत्र. नेकनूर आणि भोवतालच्या वस्त्यांतल्या बाया पोलके शिवून घ्यायला तिच्याकडेच येत. बाई दुकानाशी उभी राहून रविला सांगे, रवि आत येऊन बहिणीच्या हातावर लिही. महादेवी त्याच्या हातावर उत्तर लिही, आणि तो बाहेर जाऊन ते बोले. शाळेतून आणलेली पाटी केव्हाच माळ्यावर गेली होती. ती काढायची गोष्ट निघाली की रवि लिही, "मी आहे ना." गल्लीतली छबुबाई तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "रव्या, तुझी बहीण पोटात दुखलं तरी तुला इचारूनच कण्हती का बे?" बाया हसल्या. महादेवीने त्यांना हसताना पाहिले आणि भावाकडे पाहिले. रविने तिच्या हातावर लिहिले, "तुझ्या शिवणीचं कौतुक करतात."

धारूरच्या प्रणिताचे कार्ड आले तेव्हा देशाची दारे परदेशी मालाला उघडून बारा-चौदा वर्षे लोटली होती. शहरांतून फिरून दमलेला मोबाइल फोन आता बालाघाटचे डोंगर चढू लागला होता, आणि नेकनूरच्या टेकाडावर मनोरा उभा राहून फार दिवस झाले नव्हते. प्रणिता महादेवीची शाळेतली मैत्रीण, तीही बहिरी. लग्न होऊन धारूरला गेलेली. बऱ्याच काळात तिचे अक्षर दिसले नव्हते, आणि मन दुखावल्याने महादेवीनेही लिहिले नव्हते. त्याला कारण होते. प्रणिताचा चुलत दीर श्रीशैल याचे स्थळ मागे महादेवीला आले होते. श्रीशैल ऐकू येणारा, कापडाचा व्यापारी, शांत माणूस. त्याने पाहुणचाराचे पोहे बाजूला ठेवून आधी तिने शिवलेल्या परकराची शिवण निरखली होती. ते लोक गेले आणि रविने हातावर लिहिले, "नको म्हणाले." महादेवीने तो आघात निमूटपणे पोटात घातला.

आता कार्डावर प्रणिताने लिहिले होते: "झाले ते विसर. माझ्या धन्याने एक फोन आणला आहे. त्याच्या काचेवर काडीने मराठी लिहायचे, ते तसेच दुसऱ्याकडे उमटते. मात्र फोन तोच पाहिजे, इतरांवर आपल्या अक्षरांच्या नुसत्या चौकटी येतात. तू तो घे. आपण बोलू." खाली तिचा नंबर होता.

बोलू! महादेवीने तो शब्द किती वेळा वाचला असेल, ते तिलाच ठाऊक. आपल्याकडून निघालेला शब्द कोणाच्याही मुखातून न जाता थेट पोहोचेल, ही कल्पनाच तिला नवी होती. तिने रविच्या हातावर लिहिले, "बीडला जाऊ. फोन पाहायचा आहे." रवि क्षणभर थांबला, मग त्याने मान हलवली.

बीडच्या बसस्थानकाजवळ बबनरावांचे दुकान. बबनराव स्थूल, बोलके, गिऱ्हाइकाला बसायला स्टूल देणारे. हवा तो फोन त्यांच्या काचेच्या कपाटात एकच होता. पुढे त्या दुकानात काय बोलणे झाले, ते महादेवीला नंतर उलगडले. वाचकाने ते इथेच ऐकावे.

"दादा, खरं सांगतो," बबनराव म्हणाले, "यंत्र नामी हाय, पन कंपनी लई ल्हान. बिगडलं तर बंगळूरला धाडावं लागतं. आपल्याकडं ह्याचं रिपेरिंग कुनाला येत न्हाई. कंपनी फुडच्या साली ऱ्हाईल का न्हाई, त्येची गॅरंटी म्या देत न्हाई. माझ्या बहिनीसाटी असतं तर मीबी इचार केला असता."

महादेवीने हात पुढे केला. रविने त्यावर लिहिले, "कंपनी बुडाली. हा फोन चालत नाही."

तिच्या कपाळाला आठी पडली. तिने भावाच्या हातावर लिहिले, "मग विकायला का ठेवला? विचार."

रविने बबनरावांना विचारले, "दुसरा कोणता साधा दाखवता का?"

"साधा? पन ताईंची बोटं तर ह्याच्याकडंच चाललीत. ह्येच्यावर लिहूनच बोलतो की ताईंशी. त्याच्यासाटीच तर यंत्र हाय."

"नका. तिला वाचता येत न्हाई," रवि म्हणाला. "शिवणाच्या टेपावरचे आकडे तेवढे कळतात."

"वाचता येत न्हाई, तर मग हा फोन कावून घेता?"

"हट्ट हाय तिचा. तुमी सरळ न्हाई म्हणा, शेठ. मग ऐकंल."

रवि पोरीला घेऊन दुकानात शिरल्यापासून बबनराव तिला न्याहाळत होते. दारावरची पाटी, भिंतीवरचे दर, खोक्यावरचा मजकूर, सगळे तिने ओळीने वाचले होते. मागे राहिलेला शब्द बघायला डोळा परत वळतो, तो निरक्षराचा नसतो. त्यांनी कपाटातून फोन काढला, आपले स्वतःचे सिमकार्ड त्यात घातले, आणि बारीक काडीने काचेवर सावकाश लिहिले. मग ती काच महादेवीसमोर धरली.

"ताई, भाऊ म्हणतात तुम्हाला वाचता येत नाही. खरं का?"

महादेवीने वाचले. पुन्हा वाचले. ज्या वाक्याचा अर्थ कळूनही मन त्याला आत घेत नाही, ते वाक्य मनुष्य पुन्हा वाचतो. तिने भावाकडे पाहिले. रवि रस्त्यावरच्या रिक्षा बघत होता.

तिने काडी घेतली. "येतं. कंपनी बुडाली का?"

"नाही. लहान आहे. बिघडला तर बंगळूर. किती टिकेल सांगता येत नाही." आणि जरा थांबून बबनरावांनी खाली जोडले, "हेच मी तुमच्या भावाला सांगितलं."

महादेवी स्टुलावर बसली. घ्यावा की न घ्यावा, हा विचार घेऊन ती नेकनूरहून निघाली होती; आता तो प्रश्न कुठल्या कुठे मागे पडला. एक अक्षर खोटे निघाले, की त्याच्या मागची सारी पंगत संशयित होते. बायांचे ते हसणे. जत्रेला जायचे रद्द झाल्याचा निरोप. आजारी मावशीने आपली आठवणच काढली नाही, हे सांगणे. कुठल्या अक्षरावर विसंबावे? तिचे सगळे जग त्या एका बोटातून आले होते, आणि त्या बोटाने यातले किती स्वतःच्या मनचे लिहिले, हे तपासायला मागे खूण नव्हती.

तिने कमरेच्या पिशवीतून प्रणिताचे कार्ड काढून बबनरावांना नंबर दाखवला, आणि काचेवर लिहिले: "मी महादेवी. श्रीशैल मला नको का म्हणाले?"

बबनरावांनी बटण दाबले. रवि जवळ आला, तोवर काच कोरी झाली होती. "काय लिवलं तिनं? कुणाला लिवलं?" तिघेही त्या फोनकडे बघत राहिले. चहावाला पेले ठेवून गेला, ते निवले.

मग काच उजळली.

"ते कुठे नको म्हणाले? तूच म्हणालीस. रविदादांनी सांगितले, हिला लग्नच करायचे नाही."

आणि लगोलग दुसरे: "आता त्यांचे लग्न झाले."

महादेवीने फोन भावाच्या डोळ्यांसमोर धरला. रविने वाचले, आणि त्याने तिचा उजवा हात धरायला आपला हात पुढे केला; तिने दोन्ही हात पदराखाली घेतले. तेव्हा तो बबनरावांकडे वळला, कारण त्या क्षणी त्याचे ऐकू शकणारे तेवढेच एक माणूस उरले होते.

"तितं तिला कुनी समजून घेतलं असतं?" तो म्हणाला. "मी थोडाच व्हतो तितं? आईनं माझ्या पदरात घातली तिला."

"आनि शिलाई?" बबनरावांनी विचारले. "ती कुनाच्या पदरात पडती?"

रविला अगदीच दुष्ट म्हणणे अन्यायाचे होईल. बहिणीची वाचा होण्यात त्याला मोठेपणा होता, सोय होती, आणि मायाही होती. या तिन्हींचा पीळ इतका घट्ट बसला होता, की त्यातला धागा कोणता हे त्यालाही वेगळे काढता आले नसते. पण ज्याच्यावर विश्वास टाकला त्याची माया खरी होती, एवढ्याने घाताची धार बोथट होत नाही. उलट ती खोल जाते.

महादेवीने काडी उचलली. "हा द्या."

बबनरावांनी लिहिले, "पुन्हा सांगतो ताई, बिघडला तर मी काही करू शकणार नाही."

"तुम्ही आधी सांगितलंत," तिने लिहिले. "तेवढं पुरे." शिलाईतले जे थोडे रवि तिच्या हातावर ठेवी, ते तिने पिशवीत साठवले होते; तेच मोजून दिले.

तो फोन पुढे दोन पावसाळे चालला आणि एक दिवस त्याची काच काळी पडली. बंगळूरला पाठवलेले पार्सल, पत्त्यावर कोणी नाही, असा शेरा घेऊन परत आले. महादेवीला दुःख झाले, पण फसवले गेल्याचे दुःख ते नव्हते. तोवर माळ्यावरची पाटी खाली आली होती, छबुबाईची नात तिच्यावर खडूने मापे लिहू लागली होती, आणि शिवणीचे गिऱ्हाईक मागच्या दाराने येत होते. भावाबहिणीचे स्वयंपाकघर एकच राहिले. बोलणे मात्र पूर्वीचे झाले नाही. तो लिहीत असे, ती वाचत असे, आणि वाचून झाल्यावर त्याच्या चेहऱ्याकडे बघत असे.

पण हे पुढचे. त्या दिवशी दुपारी नेकनूरची बस भरली, तेव्हा महादेवी पुढच्या बाजूला बायकांच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसली. रविला मागचा बाक मिळाला. कंडक्टर तिकिटे फाडत आला, तसा रवि मागून सवयीने ओरडला, "दोन नेकनूर!" महादेवीला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. तिने कंडक्टरसमोर काच धरली. काचेवर लिहिले होते: "एक नेकनूर."

कंडक्टरने वाचले, हसला. "आयला, फोन बोलतो व्हय!" मग त्याने अंगठ्याने मागे खूण केली, भुवया उंचावल्या. ते तुमच्याबरोबर?

महादेवीने मागे वळून पाहिले. मग नाही म्हणून मान हलवली, सुटे पैसे त्याच्या हातावर ठेवले आणि तिकीट घेतले.

कंडक्टर वाट काढत मागच्या बाकाशी गेला. "त्या बाई एकट्याच म्हनतात. तुमी कुटं उतरनार, दादा?"

रविने सांगितले; पण इंजिनाच्या घरघरीत ते कंडक्टरला ऐकू गेले नाही, आणि त्याला ते दुसऱ्यांदा सांगावे लागले.