शेळीच्या गोष्टीला माणसं आणणाऱ्या कुसुम मॅडम

कुसुम मॅडम वारल्या तव्हा मी आधी रडले न्हाई. आधी त्यांच्या मालकांना विचारलं, "सर, ब्लॉगचा पासवर्ड कुठं हाये?"

लाज वाटते सांगायला. पण आज वर्ष झालं. आता सांगते.

मॅडम आखाडा बाळापूरला लायब्ररी सांभाळायच्या. बाजार झाला की मी तिथं पंख्याखाली बसायची. पुस्तकाला हात लावायची न्हाई. माझी शाळा तिसरीतच सुटलेली.

एकदा बसल्या बसल्या मी त्यांना गोष्ट सांगितली. एक शेळी एसटीत चढते, हिंगोलीला निघते आन् हाफ तिकिटावरून कंडक्टरशी भांडते, ती. माझीच हाये, नातवंडांसाठी रचलेली. अशा लई हायत माझ्याकडं.

पण नातवंडं मोठी झाली. गोष्ट काढली की म्हणतात, "आजी, नंतर."

चांगली हायत लेकरं. मोठा कळमनुरीला नोकरीला, रोज फोन करतो, गोळ्या घेतल्या का विचारतो. पण गोष्टी पोटात तशाच राहिल्या ना माझ्या. ऐकायला कोणी पायजे.

मॅडमच्या तर डोळ्यांतून पाणी आलं हसून. म्हणाल्या, "आजी, हे एकटीनं ऐकायचं न्हाई. ब्लॉग काढू."

मी सांगायची, त्या टाइप करायच्या.

सहा महिने वाचणाऱ्या दोघीच. एक मॅडम, एक मी. आन् मला तर सगळं पाठ!

मंग मॅडमनी सोशल बुकमार्किंग शोधून काढलं. मला असं समजावलं: नेटवर काही जागा असतात. आपल्याला आवडलेलं पान तिथं खूण लावून ठेवायचं, वर नाव द्यायचं, गोष्ट, लेकरं, मराठवाडा, असं. पुस्तकात कागद घालून ठेवतो तसं. पण ही खूण सगळ्यांना दिसते. ती बघून दुसरं कोणी आपल्या पानावर येतं.

मी म्हणले, "मंग सोपं हाये. आमच्या बचत गटात अकरा बाया हायत."

मंगळवारच्या मीटिंगला मॅडमच्या लॅपटॉपवर अकरा जणींची खाती काढली. अकरा खुणा, सगळ्या शेळीला! चहा झाला, पोहे झाले.

दुसऱ्या दिवशी अकराही खाती बंद.

गटातली चंद्रकला तावातावानं आली. "काहून बंद केलं? आमी तर सगळ्या हजर होतो!"

मॅडम म्हणाल्या, "अगं, तो काय ग्रामसभेचा कोरम हाये का? एकाच मशीनवरून सगळ्या एकाच पानाला खूण लावून राहिल्या. त्या साइटला वाटलं लबाडी हाये."

"लबाडी? मी सोताच्या हातानं बटन दाबलं!"

हसू आवरेना आमाला.

मंग मॅडमनी आपलं एकच खातं ठेवलं आन् नियम केला. आपल्या एका गोष्टीला खूण लावायची तर आधी दुसऱ्यांच्या दहा पानांना लावायची, म्हणजे लबाडी वाटणार न्हाई.

मी अडून बसले. न वाचता खूण कशी लावू? घरात पाय न ठेवता, दारावरूनच भाजी छान झाली म्हणायचं का?

"आजी, दहा पानं वाचायची म्हणजे चार दिवस जातील."

"जाऊ द्या की. मला कुठं हापिसला जायचंय?"

मंग त्या वाचायच्या, मी ऐकायची. कोकणातली एक बाई मांजरांवर लिहायची. एक रिटायर ट्रक डायव्हर रस्त्यांवर लिहायचे. एकानं पाण्याची मोटर कशी खोलायची ते लिहिलं होतं, त्यात माझा डोळा लागला.

"आजी, लावू का खूण?"

"लावा. झोप बराबर आली."

डायव्हर दादांना मी कळवायला लावलं, तुमी सगळे ढाबे लिहिले, घरी बायको काय करत होती ते लिहिलंच न्हाई. दादांनी त्याच्यावर एक आख्खं पान लिहिलं! त्यांच्या बायकोचा निरोप आला, आजींना माझा नमस्कार सांगा.

अशी माणसं यायला लागली. एक, तीन, मंग एका दिवसात एकोणीस. लातूरची एक आई रात्री लेकराला निजवताना माझी गोष्ट वाचायची. मी सगळ्या गल्लीला सांगत फिरले. लई मिरवले मी तव्हा.

मंग मॅडम आजारी पडल्या. नांदेडला नेलं. परत आल्याच न्हाईत.

मॅडमच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना झाली, त्या दिवशी सरांनी मॅडमच्या हातची चिठ्ठी दिली. पासवर्ड होता. अक्षरं ही एवढाली, पाटीवर काढल्यासारखी. बारीक मला वाचता येत न्हाई, त्यांना ठाऊक होतं.

तव्हा रडले.

महिनाभर ब्लॉगला हात लावला न्हाई. लिहिणारी गेली, खूण लावणारी गेली. वाटलं, संपलं आपलं.

एक दिवस दुपारी मोबाइलवर अक्षरं मोठी करून एका बोटानं टाइप केलं, "मॅडम गेल्या." दोनच शब्द, अर्धा तास लागला. खूण कशी लावतात ते काही जमलं न्हाई. तसंच सोडून दिलं.

डायव्हर दादांनी खूण लावली. कोकणच्या बाईनं लावली. मोटरवाल्यानं पण लावली. आमी ज्यांचं ज्यांचं वाचलं होतं, ते सगळे आले. त्यांच्या खुणा बघून अजून माणसं आली. दुखवट्याच्या घरी येतात तशी, एकामागं एक. कोणी लिहिलं, माझ्या पानावर सगळ्यात आधी मॅडमच आल्या होत्या. कोणी नुसतंच लिहिलं, "आजी, जेवून घ्या."

दारी आलेल्याशी बोलायला नको का? एकेकाला उत्तर देत बसले. एका बोटानं. चार दिवस लागले.

शेवटच्याला उत्तर देईस्तोवर मला लिहिता यायला लागलं होतं.

मॅडम, हे सगळं मीच लिहिलंय. चुका असतील, तुमी राग धरू नका.

तुमी मला वाचणारी माणसं दिली. लई उपकार झाले.

जयभीम मॅडम.