टोपलीचा दौरा

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, आजी, तू नोकरीत नक्की काय करायचीस? तुमची आई मागून म्हणाली, अंगणवाड्या सांभाळायची. त्यावरून मी लहान मुलांना खेळवत बसायचे असं वाटेल, म्हणून नीट लिहून ठेवते.

मी लोहारा तालुक्यात पर्यवेक्षिका होते. वीस-बावीस गावांतल्या अंगणवाडी सेविका माझ्या हाताखाली होत्या. लहान मुलांची वजनं करायची, त्यांना दुपारचं गरम जेवण द्यायचं, गरोदर बायकांच्या घरी जायचं, हे सगळं त्या करत. सरकार त्यांना जे देई त्याला पगार न म्हणता मानधन म्हणे, कारण पगार म्हटला की पुरेसा द्यावा लागतो. माझं काम त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, आणि वरून येणारा मूर्खपणा त्यांच्यापर्यंत शक्य तितका कमी पोचू द्यायचा. दुसऱ्या कामातच जास्त वेळ जाई.

सप्टेंबर हा पोषणाचा महिना. एरवी आम्ही मुलांना खाऊ घालत असू, सप्टेंबरात खाणं मांडून दाखवत असू. मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी आमच्याकडे नवे प्रकल्प अधिकारी आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, आणि तोंडात इंग्रजी. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. भातातला खडा लागावा तसं चुकीचं इंग्रजी माझ्या दातांना लागतं. त्यांचा आवडता शब्द 'कन्व्हर्जन्स'. त्याचा अर्थ एकदा मी विचारला, तर त्यांनी तोच शब्द मोठ्यानं पुन्हा म्हटला.

त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येक अंगणवाडीत डाळी-तांदळाची रांगोळी हवी, तिच्यावर पाच रंगांची फळं आणि भाज्या हव्यात. खिचडीचा पहिला डाव साहेब स्वतः वाढतील आणि त्याचा फोटो निघेल. तोपर्यंत मुलांना वाढायचं नाही.

मी बैठकीत हे वाचून दाखवलं, तेव्हा साहेबांच्या दौऱ्यात तिसरं येणार होतं त्या गावची सेविका, धिप्पाड आणि तोंडाची फटकळ, म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात सफरचंद फकस्त भिंतीवरच्या चित्रात हाय. तेच खरवडून ठिवू का रांगोळीवर?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांनीच तोड काढली. साहेब एका दिवसात चार गावं बघणार होते. चौघींनी मिळून फळांची एकच टोपली घ्यायची, एका गावात फोटो झाला की ती पुढच्या गावाला पाठवायची. मी हो म्हटलं. आजही म्हणेन. खोट्या मागणीला खरी फळं पुरवायची, तीही चार वेळा, एवढं कुणाचं अडलेलं नव्हतं.

टोपलीत सफरचंदं, डाळिंबं, केळी, आणि एक भला मोठा लाल भोपळा होता. भोपळ्याच्या कुशीवर डागणी दिल्यासारखा काळा व्रण होता. पहिल्या गावच्या सेविकेचा नवरा ती टोपली मोटारसायकलवर बांधून गाडीवाटेनं पुढे निघे. आमची जीप मागे राही, कारण साहेबांना प्रत्येक गावी सरपंचबाईंच्या नवऱ्याकडे चहा, शाल आणि नारळ घ्यायचा असे. स्वतः सरपंचबाई चहा करून आत जात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गावाच्या मध्ये मात्र रस्ता एकच होता. तिथं आमच्या जीपनं मोटारसायकलला मागे टाकलं. ओढणीनं आवळलेला भोपळा साहेबांच्या खिडकीपासून हातभर अंतरावर होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मग दुसऱ्या बाजूच्या सोयाबीनमध्ये त्यांना एकाएकी फार गोडी वाटू लागली. मागच्या सीटवर बसून मी ते पाहिलं.

तिसऱ्या गावात एक मुलगी होती, तीन वर्षांची. आईबाप पुण्याकडे बांधकामावर, पोर आजीजवळ. वजन इतकं घटलेलं की डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता खाल्लं नाही तर जिल्ह्याच्या दवाखान्यात ठेवावी लागेल. पोर घासच घेईना. ओठ घट्ट मिटायचे आणि तोंड फिरवायचं. ती फटकळ सेविका पावसाळाभर रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन दुधात कुस्करलेली भाकरी, गूळ-शेंगदाण्याचा लाडू, काय काय घेऊन बसायची. मीही एकदा प्रयत्न केला होता. तिनं घास माझ्या साडीवर थुंकला.

त्या दिवशी सरपंचपतींच्या ओसरीवर साहेबांचं शाल-नारळ चांगलं तासभर चाललं. अंगणवाडीत मुलं रिकाम्या ताटल्यांसमोर रांगेत बसलेली, आणि खिचडी पातेल्यात थिजत चाललेली. आम्ही दारात पोचलो तेव्हा रांगोळी मोडली होती. मुगाच्या डाळीत बसकण मारून ती मुलगी दोन्ही हातांत सफरचंद धरून खात होती. गालावर रस, मांडीवर डाळ. सेविका तिच्याजवळ उभी राहून बाकीच्या पोरांना बोटानं गप्प करत होती.

साहेब म्हणाले, ते फळ काढून घ्या आणि खाल्लेली बाजू भिंतीकडे करून परत ठेवा, अजून एक गाव बाकी आहे.

"म्या न्हाय काढून घेत," सेविका म्हणाली. "दोन महिन्यांत हे लेकरू पैल्यांदा आपल्या हातानं खायलंय."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. हिला कमी करण्याचा प्रस्ताव उद्या माझ्या टेबलावर हवा, म्हणाले. कारणासाठी इंग्रजीतला एक लांबलचक शब्द त्यांनी योजला आणि मध्येच मोडला. ते माणसांना घाबरवण्यासाठी इंग्रजी वापरत. माझ्यावर त्याचा उपयोग होणार नव्हता, पण मानधनावर जगणाऱ्या बाईवर झाला असता. तिच्या घरात तेवढंच उत्पन्न होतं.

मी मराठीतच बोलले. "साहेब, प्रस्ताव पाठवते. त्यात टोपली कशी कशी आली तेही लिहावं लागेल. सकाळपासून तुम्ही दोन फोटो वर पाठवलेत. दोन्हींत एकच भोपळा आहे, व्रणासकट."

"मॅडम, डोन्ट बी इमोशनल," ते म्हणाले.

भोपळे ओळखणं ही भावना असते, हे मला नोकरीच्या शेवटी कळलं. अंगणवाडीच्या मदतनीस बाईला मी सांगितलं, उरलेली फळं चिरा आणि मुलांना वाढायला घ्या.

प्रस्तावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मोठ्या चपळाईनं ते हसले आणि खिचडीचा डाव हातात घेतला. फोटोसाठी त्यांना तीच मुलगी हवी होती. हाडकुळं मूल आणि वाढणारा अधिकारी, असं चित्र वर आवडतं. त्यांनी तिच्यापुढे ताटली सरकवली. तिनं वर बघितलंच नाही. मग त्यांनी सेविकेला सांगितलं, तिला जरा इकडे बघायला सांगा.

"ती खायलीय, साहेब," सेविका म्हणाली. "थांबा जरा."

आणि ते थांबले, हातात डाव धरून, खिचडी बुटावर ठिबकत असताना, ती पोर बियांपर्यंत पोचेस्तोवर. त्यांनी केलेलं पोषणाचं एवढंच काम मी डोळ्यांनी पाहिलं.