दोन माद्या आणि एक नर

आयुष्यात मी एकाच माणसाचं रक्त काढलंय, आणि तेही बेडकांवरून.

२०२०च्या ऑगस्टमध्ये आयर्लंडमधल्या एनिस गावी, भाड्याच्या घरात मी आणि माझ्या रूममेटनं टेरारियम, म्हणजे काचेच्या पेटीतलं छोटं रान, लावायला घेतलं. ती नागपूरची, मी पुण्याची. जवळच्या शॅनन गावाच्या बाजूला एकाच कारखान्यात आम्ही कॅथेटर, म्हणजे दवाखान्यात वापरायच्या बारीक नळ्या, तपासायचो. कोविडमुळे कारखाना आणि घर एवढंच उरलं होतं. डार्ट फ्रॉग पाळायची कल्पना तिची.

"विषारी बेडूक?" आई फोनवर किंचाळली.

"पाळीव असले की नसतात गं विषारी. जंगलातले किडे खाऊन त्यांच्यात विष येतं."

"मग पाळायचे तरी कशाला?"

काचेच्या पेटीत तळाला भाजक्या मातीच्या गोळ्या घातल्या, त्यावर जाळी, मग नारळाचा भुसा, सुकी पानं, शेवाळ. बुरशी खाणारे बारीक पांढरे किडे सोडले. दीड महिना पेटी नुसती फवारत ठेवली. आतलं रान जमल्यावर लिमरिकजवळच्या एका माणसाकडून निळी-पिवळी, नखाएवढी तीन पिल्लं आणली. नर-मादी मोठी झाल्यावरच कळणार होतं.

एप्रिलमध्ये कळलं. दोन माद्या, एक नर. थोरली मादी धाकटीच्या पाठीवर उडी मारायची, पुढच्या पायांनी तिचं डोकं शेवाळात दाबायची आणि दाबूनच ठेवायची. धाकटी सुटून काचेवर चढली की हिनं तिला पुन्हा खाली ओढलंच. सकाळी चहा पिताना आमच्यासमोर हे चालायचं. आवाज अजिबात नाही. धाकटीनं खाणं सोडलं. तिच्या कमरेची हाडं दिसायला लागली.

"हिला वेगळं काढू या," मी म्हणाले.

"काही होत नाही. ग्रँड आहे ती," रूममेट इथल्या लोकांसारखं म्हणाली. "जागा ठरवतायत आपापल्या. तू सारखी हात घालतेस म्हणून बिथरतात."

मी ऐकलं नाही. धाकटीला ओल्या शेवाळासकट एका डब्यात ठेवलं आणि कामाला गेले. त्या दिवशी रूममेटची सुट्टी होती. संध्याकाळी परतले तर डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलेला. धाकटी पेटीत, पाण्याच्या बशीत, पोट वर करून पडलेली. थोरली तिच्या अंगावर बसली होती.

"डब्यात घाबरली होती ती," रूममेट म्हणाली. "म्हणून सोडली आत."

मी तिच्या थोबाडीत मारली. आधी काही ठरवलं नव्हतं. तिनं माझे केस धरले, डोकं दारावर आपटलं. मी चावले तिला, मनगटाला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. इतक्या महिन्यांत कुणाला हातसुद्धा लागला नव्हता माझा. मग मी तिला दोन्ही हातांनी ढकललं, आणि तिचा कोपर पेटीच्या काचेतून आरपार गेला.

माती, पानं, पाणी, रक्त, सगळं जमिनीवर. नर फ्रिजखाली पळाला. ती हाताकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "टॉवेल दे."

मीच गाडी चालवत तिला हॉस्पिटलमध्ये नेलं. कोविडमुळे सोबतच्या माणसाला आत सोडत नव्हते. दोन तास मी पार्किंगमध्ये बसले. पेटी निसटली असंच ती सांगेल, असं मी धरून चालले होते.

बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला अकरा टाके होते.

"घरी सुरक्षित आहेस का, असं विचारलं नर्सनं," ती म्हणाली.

"मग?"

"नाही म्हटलं. खरं सांगितलं. तू ढकललंस म्हणून."

"मला पण लागलं होतं ना गं," मी म्हणाले. ती गाडीत मागे जाऊन बसली. पोलीस वगैरे कुणी आलं नाही. तिलाच पुढे काही करायचं नव्हतं.

महिन्याच्या शेवटी ती लिमरिकला राहायला गेली. उरलेले दोन्ही बेडूक ओल्या शेवाळात घालून नेले. एका हातानं तिला डबा, बॅग आणि दार जमेना. मी पुढे झाले.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. मी भिंतीला लागून उभी राहिले आणि तिनं तीन फेऱ्या मारून सगळं एकटीनं खाली नेलं.

मी एक लांबलचक मेसेज लिहिला. त्यात कुठंही बेडकांचं नाव काढलं नाही, फक्त मी काय केलं तेच लिहिलं. दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं, "वाचलं."