आपल्या टेकडीपुरता शॉकअप

"दबू द्या, सर. दबल्याबिगर उठत नाही ते," असं म्हणून तो सायकलच्या सीटवर तळहात ठेवायचा आणि एकदाच खाली रेटायचा. मान जराशी तिरकी करून शॉकअपमधल्या हवेचा आवाज ऐकायचा. मग खालची लाल खुंटी दोन बोटांत धरून एक टिचकी फिरवायचा. झालं काम. याच कामाला मला वही, मोजपट्टी आणि अख्खा रविवार लागायचा.

मंगरूळपीरला बसस्टँडच्या रस्त्यावर त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीतल्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार भरायची, सील बदलायचं, हा त्याचा धंदा. मी तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवतो. वंगण आणि घर्षण फळ्यावर लिहून माझे केस पांढरे झाले. पण सायकलचा शॉकअप बिघडला की गावातला माणूस माझ्याकडे यायचा नाही, त्याच्याकडे जायचा.

"मोटारीत पानी घुसू देत नाही तेबी सील, अन् शॉकअपातलं तेल बाहेर येऊ देत नाही तेबी सीलच," तो सांगायचा. "फरक काय हाय, सर?"

फरक काहीच नव्हता. बावीस वर्षं शिकवूनही हे मला का सुचलं नाही, एवढाच माझा प्रश्न होता.

तुम्ही म्हणाल, मास्तर, हा तर हेवा झाला. हो, हेवाच. आता या वयात त्याला दुसरं नाव कशाला द्यायचं?

माझी सायकल पुण्याहून आणलेली. सहा महिने वाचून, लोकांना विचारून, बायकोची समजूत घालून घेतलेली. मागे अकरा आणि पुढे बारा सेंटिमीटर दबणारी, चढाला हलकी आणि उताराला धीट. त्याची सायकल म्हणजे कुणीतरी विकायला काढलेली जुनी फ्रेम. ती पुढे दहा सेंटिमीटर दबणाऱ्या शॉकअपसाठी बनवलेली, आणि यानं तिला बारा सेंटिमीटरवाला बसवला. मला आयतीच संधी मिळाली. चारचौघांत म्हणालो, "पुढून उचलली गेली तुझी सायकल. चढावर चाक भटकणार."

"हो ना सर, बराबर हाय तुमचं."

दुसऱ्या दिवशी पाहतो, तर त्यानं सीट बोटभर पुढे सरकवली होती. हँडलखालच्या दोन चकत्या काढून वर घातल्या होत्या. चढावर चाक जमिनीला चिकटून राहिलं. पुढच्या चाकाचा दांडा जरा तिरपा झालेला तसाच ठेवला, त्यामुळे उतारावर सायकल अधिकच धीट झाली. चूक माझ्याकडून ऐकली आणि दुरुस्त करून मोकळा झाला. माझं बरोबर असूनही मीच हरलो.

आमचा पाच-सहा जणांचा गट होता. रविवारी उजाडता उजाडता निघायचं आणि कामरगावच्या बाजूची टेकडी चढून यायचं. खाली मुरूम, वर काळे दगड, माथ्यावर एक कडुनिंब. गटातल्या बँकेच्या कॅशियरला मोठ्या शॉकअपची सायकल घ्यायची होती. ती का घेऊ नये हे मी त्याला आकृत्या काढून दोन तास समजावलं. तो हूं हूं करत राहिला आणि उठून दुकानात गेला.

"कायले हो?" हा हातातली तार न सोडता म्हणाला. "आपल्या टेकडीले बारा सेंटिमीटर पुरते. जास्त घेतलं तं चढावर तुमालेच सायकल खांद्यावर न्या लागन."

कॅशियरला लगेच पटलं. वर मलाच येऊन सांगतो, "सर, किती सोपं करून सांगतो ना तो?"

माझी सायकलही शेवटी मी त्याच्याकडेच नेली. शॉकअपमध्ये हवा किती भरायची ते बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. त्यानं वजन विचारलं. गिऱ्हाइकं उभी होती, मी म्हणालो, "चौऱ्याहत्तर." होतं त्र्याऐंशी. त्यानं माझ्या पोटाकडे एकदाच पाहिलं आणि "बरं" म्हणाला. बूट, हेल्मेट, पाठीवर पाण्याची बॅग, सगळं घालून मला सीटवर बसवलं. शॉकअपवरची रबराची रिंग किती सरकली ते पाहिलं आणि पंप मारला.

घरी येऊन मी हवा मोजली. पठ्ठ्यानं त्र्याऐंशीची भरली होती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तक्ता पाहून मी ती मोजून चौऱ्याहत्तरची केली. विज्ञानाचा शिक्षक, पण खोट्या आकड्यावर खरी मोजणी करत बसलो.

पुढच्या रविवारी उतारावर पहिल्याच कोरड्या नाल्यात शॉकअप तळाला जाऊन ठक्क वाजला. मी हँडलवरून थेट तरोट्याच्या झुडपात. त्यानंच मला उठवलं, कोपरात रुतलेले खडे काढले आणि मुकाट्यानं पंप लावला. कॅशियरनं विचारलं, "हवा कमी कशी झाली रे?"

"लीक होते कदी कदी," तो म्हणाला. "त्याले सर काय करतीन?"

माझी अब्रू राखली त्यानं. त्या दिवशी मला त्याचा सगळ्यात जास्त राग आला.

तेव्हापासून मी एकच गोष्ट मनात धरली. एकदा, फक्त एकदा, कडुनिंबाखाली त्याच्याआधी पोचायचं. शेवटच्या वळणावर तो दर वेळी मला मागे टाकायचा आणि वर माझ्यासाठी बाटलीचं झाकण उघडून उभा राहायचा. मी भात सोडला. संध्याकाळी शेलूच्या रस्त्यावर एकटा चढ मारायला लागलो.

आणि एका रविवारी त्या वळणावर तो सायकलवरून उतरला. इतक्या वर्षांत तो तिथे कधी उतरला नव्हता. एक हात हँडलवर, दुसरा छातीशी. बाकीचे बरेच मागे होते. मी जवळ आलो तसा तो बाजूला सरकला.

"व्हा पुढं, सर."

मी झालो. काय झालं म्हणून विचारलं नाही. विचारायला थांबलो असतो तर पाय टेकावा लागला असता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

माथ्यावर मी एकटाच पोचलो. फोटो काढला. थोड्या वेळानं तो सायकल हातात धरून बाकीच्यांबरोबर आला, "पानी कमी पडलं," म्हणाला आणि हसला. मी तो फोटो स्टेटसला ठेवला. सोमवारी स्टाफरूममध्ये हा चढ किती जणांना सांगितला याला गणती नाही.

गुरुवारी दुकान उघडलं नाही. त्याला अकोल्याला नेलं होतं. शनिवारी सगळं संपलं.

आठवड्यानं मी त्याच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी दिलं. बोलायला सुरुवात त्यांनीच केली.

"त्या रविवारी जेवतानी तुमचंच चालू होतं, सर. आज सर एका दमात चढले म्हने, कुठंच पाय टेकवला नाही. पाहत राहावं असं चढले म्हने. इतके खूश होते! छाती दुखून राह्यली, ते मात्र सांगतलंच नाही कोनाले."

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. तो चढ मीही सगळ्या गावाला सांगितला होता, आणि त्यानंही घरी सांगितला. छातीत कळ घेऊन तो वळणावर उभा होता आणि मी कसा चढतोय ते पाहून खूश होत होता. मी त्याच्या जागी असतो तर मला हे जमलं नसतं. खरं सांगतो, त्याच्या घरात बसून, तो गेल्यावरसुद्धा, मला त्याचा हेवाच वाटला.