निलक्कानं पांढरं केलेलं घर

चिटगुप्प्यात आमच्या भिंतीला लागूनच निलम्माचं घर होतं. गल्ली तिला निलक्का म्हणायची. नवरा कधीच गेलेला, एकुलती लेक भागम्मा कोहिनूर गावाला दिलेली. डोळ्यांनी कमी दिसू लागलं तेव्हा लेकीनं बोलावलं. पण जावयाच्या घरात जागा नव्हती. घर विकून त्यांच्याच अंगणात आपल्यापुरती एक खोली बांधायची, एवढंच निलक्काला हवं होतं.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनला तेव्हा दोन वर्षं होत आली होती.

"पोरगी दाखवायची तर तोंड धुवूनच दाखवत्यात की," म्हणत ती ऐन वैशाखात कामाला लागली. ओट्याचे खड्डे मुरमानं भरले. चौकटीला करडीचं तेल चोळलं. जमीन सारवली. चुन्याची घमेली मी उचलून दिली. मग ती स्वयंपाकघरात शिरली. साऱ्या संसाराच्या धुरानं तिथल्या भिंती नि तुळया काळ्याकुट्ट झालेल्या. तिनं त्या खुरप्यानं खरवडल्या आणि वर चुन्याचे दोन हात दिले.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते श्रीपतराव नावाचे शेतकरी. सोबत बायको, सोजराबाई. घर त्यांच्या मनात भरलं होतं. सोजराबाई आत गेली आणि तुळईवरून हात फिरवत थांबली.

"हे कामून खरवडलं, मावशी?"

"धुरानं काळं झालतं, बाई."

"कशाच्या?"

"चुलीच्या. अजून कशाच्या?"

"चूल आमच्याबी घरात हाय. आम्ही न्हाई तुळया खरवडत."

श्रीपतराव म्हणाले, "दसरा न्हाई, दिवाळी न्हाई, लगीन न्हाई. वैशाखात चुना?"

पोलीस ॲक्शनच्या, गडबडीच्या साली आमच्या भागात घरं जळली, काही घरांत नको ते घडलं. मागाहून तसली घरं खरवडून, पांढरी करून विकली गेली. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. निलक्काच्या चुन्याशी त्याचा संबंध मात्र कुणीच लावला नव्हता.

निलक्कानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "शिवाची आण, माझ्या घरात काय बी झालं न्हाई."

सोजराबाई हळूच म्हणाली, "काय झालं म्हणून आम्ही इचारलं व्हय, मावशी? शपथ कामून खायलीस?"

गूळपाणी तसंच ठेवून दोघं निघाले. मी रस्त्यापर्यंत मागं गेलो. "राव, मी शेजारी. काही झालं न्हाई हो इथं."

"शेजाऱ्यानं दुसरं काय सांगावं?" ते म्हणाले.

बोलणं पसरलं. पुढं आलेली गिऱ्हाइकं बाहेरूनच परतू लागली.

त्यानंतर निलक्का दिवसभर चूल पेटती ठेवायची. ओली लाकडं घालायची, फुंकायची, खोकायची. मी म्हणालो, "अक्का, डोळे जातील."

"भिंत काळी झाली का रे, सांग. मला दिसंना."

भिंत पिवळसर झाली होती. तेवढीच.

"व्हायलीय," मी म्हणालो. तिनं आणखी एक ओलं लाकूड आत सरकवलं.