आईसाठी बसवलेले शॉकअप

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या धाकट्या भावानं, नितीननं, इथं एक फोटो टाकला होता. उंच केलेली जीप, पुढच्या सीटवर आमची आई, आणि वर लिहिलंय, 'नवे शॉकअप, फक्त आईसाठी.' खाली तुमच्यातल्याच कित्येकांनी त्याला श्रावणबाळ म्हटलंय... कुणाच्या तर डोळ्यांत पाणी आलंय.

माझ्याही आलं होतं. पण मी त्या दिवशी मागच्या सीटवर बसले होते.

आई कन्नडला एकटी राहते, मी आणि नितीन इथं संभाजीनगरात. यंदा उन्हाळ्यात टँकरच्या गर्दीत हंडा उचलताना तिचा कमरेचा मणका दबला. तेव्हापासून दर शुक्रवारी तिला इथं दवाखान्यात यावं लागतं, आणि डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावलीय... धक्के बसता कामा नयेत.

आता आमच्या शहरात धक्का न खाता यायचं म्हणजे उडतच यावं लागेल. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि ते रोज यावं म्हणून पाइपलाइन टाकायला सगळे रस्ते खोदलेले. शहर वाढतंय म्हणतात. वाढू दे बापडं.

नितीन म्हणाला, मी आणतो ना जीपमधून. ही जीप त्यानं हौसेनं स्प्रिंगचे पाटे बदलून उंच करून घेतलीय, पण शॉकअप जुनेच ठेवले होते. नव्या उंचीला ते आखूड पडायचे आणि खड्ड्यात गाडी गेली की खालून हातोडा मारल्यासारखा आवाज यायचा. म्हणून नवे घ्यायचे ठरले... आईसाठी.

मग काय, रोज संध्याकाळी साहेब पुंडलिकनगरला माझ्याकडे चहाला हजर. तेलाचे घ्यावेत की गॅसचे, लांबी किती हवी, रस्ता सोडून रानात गाड्या पळवणाऱ्या त्याच्या ऑफरोडवाल्या मित्रांपैकी कोण काय म्हणतंय. मी शाळेत मराठी शिकवते, मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण प्रश्न आईच्या पाठीचा होता, म्हणून मीही व्हिडिओ बघत बसायचे.

शेवटी नॉबवाले ठरले. नुसते मऊ घेतले तर उतारावर गाडी झुलते, नुसते कडक घेतले तर आईचे हाल. या शॉकअपला खाली एक छोटा नॉब असतो, एकवर ठेवला की मऊ, नऊवर ठेवला की कडक. चाकापाशी वाकून हातानं फिरवायचा, बस्स.

आई असली की एक आणि रविवारी मित्रांबरोबर गेलो की नऊ, असं त्यानं मला सांगितलं. मला बरं वाटलं... खरंच खूप बरं वाटलं. गॅरेजमध्ये शॉकअप बसवताना मी हट्टानं जाऊन उभी राहिले होते.

त्या शुक्रवारी आम्ही दोघं कन्नडला गेलो. आईला जीपमध्ये चढता येईना, म्हणून शेजारच्यांचं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि दोघांनी मिळून तिला वर घेतलं. गल्लीतल्या बायका कौतुकानं बघत होत्या.

पहिल्याच स्पीडब्रेकरला आईनं समोरची दांडी धरली. पुढं प्रत्येक खड्ड्याला ती सीटवरून उचलली जायची आणि आपटायची. मला मागून फक्त तिचा दांडीवरचा हात दिसत होता.

गावाबाहेरच्या पाझर तलावाशी नितीननं गाडी आत घेतली. तलाव आटला तसं या ऑफरोडवाल्यांना रविवारचं मैदान मिळालंय. आई त्या भेगाळलेल्या मातीकडं बघत राहिली आणि म्हणाली, "आन पाणी आलं मंग कुठं फिरशील रं?" नितीन हसला. तिनं ते चेष्टेत विचारलं नव्हतं.

तो फोटो काढायला उतरला, मीही पाय मोकळे करायला उतरले. सहज चाकाकडं नजर गेली. नॉबवर धुळीचा थर, आणि आकडा नऊ.

"अरेच्चा... राहिलंच ताई," तो म्हणाला. रविवारनंतर फिरवायचंच राहिलं होतं. आता फिरव म्हटलं, तर पुढं ऑफिस आहे, कपडे मळतील, आधी फोटो होऊ दे. मीच वाकले, पण धुळीनं नॉब घट्ट बसला होता, माझ्या हाताला हलेना.

त्यानं आईला विचारलं, त्रास होतोय का गं? आई म्हणाली, "नाय रे. लई झ्याक गाडी हाय."

दवाखान्यात तिला उतरवायला दोन माणसं लागली. तोवर फोटो टाकून झाला होता.

पुढच्या शुक्रवारी दार वाजलं. बघते तर आई, हातात पिशवी, एकटी. नितीनला डॉक्टर सुट्टीवर आहेत असं सांगून एसटीनं आली होती. कंडक्टरनं एका माणसाला उठवून तिला धक्के कमी बसणारी पुढची सीट दिली म्हणे.

मी चिडले तर मलाच म्हणाली, "त्याला सांगू नको. लई हौसेनं बसवलंय पोरानं. आन त्या फोटोला तू बदाम का काय ते दिलं का? दे, वाईट वाटंल त्याला." मी दिला. बघा, असेल तिथं.

हे मी गिळलंच होतं. पण काल कळलं, या शुक्रवारी तो पुन्हा जीप घेऊन जाणार आहे, आणि व्हिडिओ करायला दोन मित्रही येतायत. आई त्याला हो म्हणालीय. ती कधीच नाही म्हणणार नाही, म्हणून तिचा शब्द मोडून इथं लिहितेय. फोनवर बोलले असते तर 'ताई, तुझं आपलं काहीतरीच' म्हणून त्यानं विषय संपवला असता.

त्या कंडक्टरचं नाव मला माहीत नाही. जिथं असाल तिथं, दादा, तुमचे आभार.

आणि नितीन... या वेळी नॉब तू फिरवशीलही, पण माझा आता भरवसा उरला नाही. शुक्रवारी आई एसटीनं येतेय, तिला मी सांगते, तू स्टँडवर ये. तिची पिशवी धरायला कुणीतरी पाहिजे.