मिस्त्रींची सुधारलेली शेगडी

मिस्त्रींच्या घरात नवी वस्तू फार काळ नवी राहत नसे. कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि जे बिघडलेलं नाही ते सुधारणं हा छंद. टोस्टर सुधारल्यापासून तो पाव थेट छताकडे भिरकावत असे. दारावरची बेल सुधारल्यापासून पाहुणे कडी वाजवू लागले होते. बायकोनं आपलं शिवणयंत्र कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं आणि किल्ली कुठे आहे हे ती झोपेतसुद्धा बरळली नसती.

अशा घरात तिच्या सख्ख्या भावानं कोळशाची शेगडी भेट म्हणून आणून दिली. गोल, पोटफुगी, घुमटासारखं झाकण, खाली-वर हवेला झडपा. भावाचा हेतू चांगलाच असणार. पण लहानपणी आपण त्याचं काय वाकडं केलं होतं, हे ती बराच वेळ आठवत बसली.

मिस्त्रींना मात्र शेगडी पाहताच बाबा आठवले. बाबा म्हणजे त्यांचे वडील. सगळी हयात मटणाच्या दुकानात ओट्यामागे गेलेली. लोकांना मांस कापून देता देता म्हातारे झाले आणि आता स्वतः सूप पीत होते. दात केव्हाच गेले होते. कवळी केली होती; पण ती बाबांना बसत नाही, की बाबाच तिला बसू देत नाहीत, याबद्दल दातांच्या डॉक्टरांचं आणि त्यांचं कधी एकमत झालं नाही. रोज दुपारी वाटी पुढे आली की ते म्हणत, "आज पण पाणीच का?"

मंद आचेवर, धुरात, दिवसभर ठेवलेलं मांस इतकं मऊ होतं की हिरड्यांनीही खाता येतं, असं मिस्त्रींच्या कानावर आलं होतं. बस, ठरलं. ते कसं करायचं, हे शेगडीबरोबर आलेल्या कागदावर छापलेलंच होतं. मिस्त्रींनी तो कागद कोळसे पेटवायला वापरला.

पहिली सुधारणा झाकणाची. फटीतून धूर निसटतो म्हणून त्यांनी भंगारातल्या यंत्राच्या दाराचं जाड रबर काढून काठाला गोल बसवलं. धूर थांबला. मग रबर वितळलं. बाबांनी घास तोंडात घोळवला, शांतपणे बशीत काढून ठेवला आणि विचारलं, "कुठल्या गाडीचं आहे हे?"

दुसरी सुधारणा हवेची. खालच्या झडपेला त्यांनी एक छोटा पंखा जोडला. पंखा उत्तम चालला. सगळी राख उडवून त्यानं मांसावर असा थर दिला, की बायको म्हणाली, "अहो, हे वाढायचं की झटकायचं?"

शेजारी गाणं शिकवणाऱ्या बाई राहत. त्या कुंपणाशी आल्या. "मिस्त्री, तुमच्या कृपेनं माझ्या सगळ्या मुली आता खर्जात गाऊ लागल्यात. वरचा सूर लावला की खोकला येतो."

"कलेसाठी थोडं सोसावं लागतं, बाई," मिस्त्री म्हणाले.

"कुणाच्या?" बाईंनी विचारलं आणि खिडकी लावून घेतली.

तिसरी सुधारणा मोठी होती. मोठा तुकडा मावावा म्हणून त्यांनी जुन्या यंत्राच्या स्टीलच्या ड्रमचं कडं कापलं आणि शेगडी नि झाकण यांच्यामध्ये बसवलं. ड्रमला भोकं असतात, हे उभं आयुष्य ड्रममध्ये डोकं घालून काढलेल्या माणसाला चहूबाजूंनी धूर निघाल्यावर आठवलं. मग एकेका भोकात स्क्रू पिळून त्यांनी ते बंद केलं. शेगडी आता काटेरी दिसत होती, पण धूर आत राहिला.

आणि मांस? निव्वळ चामडं. कारण आत काय चाललंय ते पाहायला मिस्त्री सारखे झाकण उघडत होते. उघडलं की आच पडे. आच पडली की ते कोळसे घालत. कोळसे घातले की आच भडके. भडकली का, म्हणून पुन्हा उघडत.

"गिऱ्हाइकांना काय सांगता हो तुम्ही?" बायकोनं विचारलं. "यंत्र चालू असताना झाकण उघडू नका, असंच ना?"

"ते वेगळं. त्यात कपडे असतात."

"तुमच्या मांसापेक्षा ते मऊ निघतात."

ओसरीवर बसलेले बाबा हसले. बऱ्याच दिवसांत हसले नव्हते. मग म्हणाले, "अरे, तू आणतोस तरी कुठला तुकडा?"

मिस्त्रींनी अभिमानानं सांगितलं की सगळ्यात कोवळा, चरबी नसलेला. बाबांनी कपाळावर हात मारला. "खाटकाच्या पोटी जन्मून तू हे शिकलास! चल, काठी दे माझी."

दुकान सोडल्यापासून बाबांनी तिकडची पायरी चढली नव्हती. खायचं नाही तर बघायचं कशाला, असं म्हणत. त्या दिवशी ते मुलाचा दंड धरून चढले. ओट्यामागच्या नव्या माणसाची सुरी बोथट आहे हे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, मांडलेले तुकडे एकेक नाकारले आणि शेवटी खांद्याचा एक ओबडधोबड, चरबीनं भरलेला तुकडा निवडला. "राबलेलं मांस आहे," ते म्हणाले. "त्याला घाई चालत नाही." परतताना त्यांनी दंड सोडून दिला होता. मिस्त्री पिशवी घेऊन मागून चालत होते आणि त्यांनी एकही सुधारणा सुचवली नाही. ही त्यांच्या बाबतीत घटनाच म्हणायची.

सकाळी बाबांनी शेगडीचा ताबा घेतला. रबर नाही, पंखा नाही. कोळशांची ओळ कडेकडेनं सापासारखी मांडून एकाच टोकाला पेटवली, म्हणजे ती आपली आपण हळूहळू जळत जाईल. मधे पाण्याची परात. ड्रमचं कडं मात्र त्यांनी काठीनं ठोकून पाहिलं आणि म्हणाले, "हे राहू दे. कामाचं आहे." मिस्त्रींचा चेहरा असा उजळला, की बायकोला शिवणयंत्राची काळजी वाटू लागली.

मग बाबा खुर्ची टाकून शेजारी बसले आणि काठी झाकणावर आडवी ठेवली. मिस्त्री जवळ आले की काठी उचलायची. दिवसभर एवढंच.

उन्हं उतरल्यावर झाकण उघडलं. हाड ओढलं तर ते लोण्यातल्या सुरीसारखं सुळकन बाहेर आलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास, तिसरा. मग कडेचा खरपूस भाग त्यांनी बोटानं बाजूला सारला.

"हा दातवाल्यांना द्या."

मिस्त्रींनी तो उभ्याउभ्याच खाल्ला. धूर डोळ्यांत गेला, असं ते म्हणाले. धूर तेव्हा कुठेच नव्हता. पण बायकोनं, आयुष्यात एकदाच, त्यांची चूक काढली नाही.